हिशेब आधी, क्षमा नंतर : मुंबईतल्या एका बहीण-भावाचं प्रकरण

हे प्रकरण मध्य मुंबईतल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, आहे. नावं, उपनगर आणि नोकरीचे काही तपशील बदलले आहेत. जिचं हे प्रकरण, तिने मजकूर वाचून होकार दिला आहे. भावाच्या घरातल्या गोष्टी मुद्दाम कमी ठेवल्या आहेत. मंडळीतल्या आम्ही तिघं जवळपास दोन वर्षं या बाईंच्या सोबत बसत होतो, त्या सोबतीतून हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

सुनंदाताई चोपन्न वर्षांच्या, अविवाहित, एका मोठ्या रुग्णालयात सिस्टर, म्हणजे परिचारिका. घराणं मूळचं नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ साली मुंबईत सुरू झालं आणि पुढे नगरकडे पसरलं. त्या गावांमधली कितीतरी कुटुंबं नंतर शाळा, दवाखाने, छापखाने यांतल्या नोकऱ्यांसाठी मुंबईत आली. सुनंदाताईंचे वडील तसेच आले, छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर झाले आणि पोटाला चिमटा काढून विक्रोळीत सोसायटीतला वन-रूम-किचन घेतला. मुलं दोन : सुनंदा थोरली, विजय चार वर्षांनी धाकटा.

वडील मृत्युपत्र न करता गेले. त्यानंतर आईला अर्धांगवायू झाला आणि ती सात वर्षं अंथरुणाला खिळून होती. विजय लग्नानंतर ठाण्याला राहायला गेलेला, रविवारी उपासनेनंतर येऊन भेटायचा. आईचं अंग पुसणं, कूस बदलणं, नळीने भरवणं हे सगळं सुनंदाताईंचं. दिवसा आईजवळ राहता यावं म्हणून त्यांनी रात्रपाळ्या मागून घेतल्या. रात्री शेजारची एक मुलगी पैसे घेऊन झोपायला यायची.

आई गेली. शिवडीच्या दफनभूमीत माती दिली. काही दिवसांनी घरी स्मरणाची प्रार्थना झाली. वीसेक नातेवाईक होते, मंडळीचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब होते. चहा फिरत असताना कुणीतरी म्हणालं, "सुनंदाने केलं हो आईचं." त्यावर विजय म्हणाला, "ताईने आईला सांभाळलं हे खरं, पण या घरानेही ताईला सांभाळलं. एवढ्या वर्षांचं भाडं वाचलं तिचं."

खोलीत कुणी काही बोललं नाही. चहा पुढे फिरत राहिला.

वर्षभराने सोसायटीच्या पुनर्विकासाची नोटीस लागली, तेव्हा कळलं की घराचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सदस्यत्वाचा कागद, विजयच्या नावावर झालं आहे. वडिलांनी फार पूर्वी फॉर्मवर त्याला नॉमिनी केलं होतं. सुनंदाताईंनी विचारलं तर तो म्हणाला, "तुला काहीतरी देऊच की."

प्रश्न नेमका काय होता

बाहेरून पाहणाऱ्याला हा घराचा वाद वाटेल. मंडळीतही तसंच बोललं जायचं.

सुनंदाताईंच्या आत वेगळंच चाललं होतं. पहाटे तीनला जाग यायची आणि ते भाड्याचं वाक्य पुन्हा सुरू व्हायचं. त्याला द्यायची उत्तरं त्या मनात जुळवत बसायच्या. विजय मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीचा खजिनदार. उपासनेत तो हिशेबाच्या सूचना वाचायला उभा राहिला की त्या उठून बाहेर जायच्या. प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी तर यायच्याच नाहीत. रक्तदाब वाढला होता. स्वतः सिस्टर असून गोळ्या टाळत होत्या.

मदत मागायला त्यांना भाग पाडलं ते वॉर्डातल्या एका प्रसंगाने. एक तरुण आईला भेटायला रविवारी आला होता, हातात शहाळं घेऊन. सुनंदाताई त्याच्यावर सगळ्या वॉर्डासमोर तुटून पडल्या : "रविवारचे पाहुणे तुम्ही! बाकीचे सहा दिवस आई कुणाची?" मुलगा गोंधळून गेला. नंतर कळलं की तो चाकणला कामाला होता आणि सुट्टी मिळेल तसा तीन गाड्या बदलून यायचा. त्या रात्री त्यांनी आमच्यातल्या एकीला फोन केला. म्हणाल्या, "मी आता सगळ्यांच्यात विजूलाच बघते. प्रार्थनेला बसले तरी प्रभूऐवजी विजूशीच बोलते."

बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात कडूपणाचं मूळ वर येऊन अनेकांना विटाळतं असा इशारा आहे. तो शहाळंवाला मुलगा त्या अनेकांमधला. कडूपणाने भावाचं काही बिघडलं नव्हतं, ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाचं बिघडलं होतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच भेटींनंतर बाहेर आली : राग भावापुरता नव्हता. "मी सात वर्षं केलं ते देवाने पाहिलं नाही का?" हे त्यांनी एकदाच, खूप हळू विचारलं. आपण हे विचारलं याचीच त्यांना भीती वाटत होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मंडळीने आधीच वापरून पाहिला होता. नाताळच्या आदल्या आठवड्यात पाळकसाहेबांनी दोघांना वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत, बोलावलं, हातात हात द्यायला लावले आणि प्रार्थना केली. विजय म्हणाला, "माझ्या मनात काही नाही." सुनंदाताईंचा हात थरथरत होता. पुढच्या रविवारपर्यंत सगळीकडे समेट झाल्याचं पसरलं. त्यानंतर त्या गप्प राहिल्या की लोक म्हणायचे, "अजून धरून बसलीय." पाळकसाहेबांचा हेतू चांगलाच होता. पण काय घडलं हे कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्या प्रार्थनेत क्षमा कशाची मागितली गेली हे तिघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं.

दुसरा पर्याय मंडळी बदलण्याचा. त्या काही महिने दुसरीकडे सकाळच्या उपासनेला गेल्याही. वाक्य सोबत गेलं.

तिसरा, घराचा हक्क सोडून "प्रभूसाठी माफ केलं" म्हणायचं. हा सल्ला सगळ्यात जास्त जणांनी दिला. एका नातलगाने ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण दिलं : "त्यांनी नवरा आणि दोन मुलं जाळणाऱ्यांना क्षमा केली, तुझं तर एका खोलीचं." या वाक्याने सुनंदाताई कित्येक दिवस मिटून गेल्या. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात ग्लॅडिस यांचे पती, मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं यांना जिवंत जाळलं गेलं आणि ग्लॅडिस यांनी क्षमा जाहीर केली, हे खरं आहे. पण तो खटला मागे घेतला गेला नाही, न्यायालयाने दोषींना शिक्षा दिली. क्षमा आणि न्याय आपापल्या वाटेने चालले. उदाहरण देणारे ही अर्धी बाजू सांगत नाहीत, आणि दुसऱ्याचं दुःख मोजायला हुतात्म्याचं दुःख फूटपट्टी म्हणून वापरू नये असं मला फार वाटतं.

चौथा पर्याय सरळ कोर्टात जाण्याचा. कायदा त्यांच्या बाजूने होता. भारतीय ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. विधवेला एक तृतीयांश आणि बाकीचं मुलांना सारखं, मुलगा-मुलगी असा भेद नाही. आई गेल्यावर तिचा वाटाही दोघांत सारखा. म्हणजे निम्मं घर सुनंदाताईंचं. सोसायटीतल्या नोंदीने नॉमिनी मालक होत नाही, वारसांचा हक्क तसाच राहतो.

कोर्टाचं नाव काढताच करिंथकरांस पहिल्या पत्रातला ६ वा अध्याय पुढे आला : भावाने भावावर फिर्याद करू नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा. हे ७ वं वचन सगळ्यांना पाठ होतं. ८ वं वचन आम्ही सुनंदाताईंबरोबर पुन्हा वाचलं. तिथे पत्र लिहिणारा पौल लगेच दुसऱ्या बाजूला वळतो : तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, आणि तेही भावांना. तो अध्याय ज्याचं गेलं आहे त्याला गप्प करायला लिहिलेला नाही. मंडळीत शहाणा माणूस नाही का, जो भावाभावांत निवाडा करील, असा त्याचा संतप्त प्रश्न आहे. तो प्रश्न आमच्या मंडळीलाच होता.

यातून पाचवा रस्ता निघाला. दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. घराचा प्रश्न बाहेरच्या वकिलाकडे आणि मध्यस्थाकडे, मनाचा प्रश्न प्रभूपुढे. एकाचं उत्तर दुसऱ्यावर टांगून ठेवायचं नाही.

काय केलं

सुरुवात डॉक्टरांपासून झाली. रक्तदाबाच्या गोळ्या नियमित झाल्या आणि रुग्णालयातल्याच समुपदेशकाकडे त्या जाऊ लागल्या. प्रार्थना गट हे औषध आणि समुपदेशन यांची जागा घेत नाही हे आम्ही पहिल्याच भेटीत बोललो. रात्री फारच असह्य झालं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यांच्या फोनमध्ये घातला.

मग स्तोत्रं. ख्रिस्ती माणसाने रागावू नये असं लहानपणापासून ऐकलेल्या बाईला ५५ वं स्तोत्र नव्याने वाचायला दिलं : शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण तो तू होतास, माझा जिवलग, लोकसमुदायाबरोबर देवाच्या घरी माझ्या सोबत चालणारा. त्या थांबल्या. म्हणाल्या, "हे तर आमचंच आहे. लहानपणी विजूचं बोट धरून मीच त्याला संडे स्कूलला न्यायचे." नंतर ८८ वं वाचलं, जे अंधारातच संपतं, शेवटी कुठेही उजाडत नाही. असं स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे याचा त्यांना आधार वाटला. देवाला विचारलेला तो हळू आवाजातला प्रश्न आता मोठ्याने विचारता येऊ लागला. आम्ही उत्तर दिलं नाही. पती आणि दोन मुलगे गमावलेली नामी बेथलेहेमात परतली आणि सर्वसमर्थाने मला फार क्लेश दिले असं वेशीतच म्हणाली, तेव्हा तिथल्या बायकांनी तिला दटावलेलं नाही. सून रूथ तिच्यासोबत राहिली, एवढंच.

सगळ्यात महत्त्वाचं वळण मत्तयाच्या १८ व्या अध्यायातल्या निर्दय दासाच्या दाखल्याने, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेने आलं : राजा एका दासाचं प्रचंड देणं सोडतो, आणि तोच दास आपल्या येण्यासाठी सोबतीच्या दासाला तुरुंगात टाकतो. किती वेळा क्षमा करायची याचा सत्तर वेळा सात हा आकडा सगळ्यांना ठाऊक आहे. पण दाखला सुरू होतो तो राजाने हिशेब घ्यायला घेतल्यापासून. आधी आकडा निघतो, दहा हजार टॅलेंट, मग ते देणं सोडलं जातं. न मोजलेलं देणं कुणी सोडू शकत नाही. दुसरी गोष्ट : सोबतीच्या दासाकडचं येणं शंभर दिनार होतं. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त राबण्याचे पैसे. ही किरकोळ रक्कम नाही. एका टॅलेंटचे साधारण सहा हजार दिनार, त्यामुळे राजाने सोडलेल्या सहा कोटींपुढे ती लहान दिसते खरी, पण येशूने ती शून्य म्हटलेली नाही. "म्हणजे माझं गेलं हे प्रभू नाकारत नाही," असं त्या म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा रडल्या.

मग त्यांनी हिशेब लिहिला. दोनशे पानी वही, रात्रपाळीच्या मधल्या वेळात. आम्हाला वाटलं होतं घर पहिलं येईल. घराला चार ओळी मिळाल्या. आईच्या आजारपणात विजय न आलेले दिवाळी-नाताळ, तिच्या औषधांचे पैसे, नाकारलेली बढती, एक ठरत आलेलं लग्न, असं बरंच होतं. आणि ते भाड्याचं वाक्य : त्याला तीन पानं. खाली त्यांनी लिहिलं होतं, "घर नको म्हटलं तरी चालेल. हे त्याने परत घ्यावं."

हा निर्णयाचा मोठा क्षण होता. घर मिळालं की मन शांत होईल असं समजून सगळं वकिलावर सोपवलं असतं, तर निकालानंतर हाती रिकामपण आलं असतं.

एका शनिवारी, एका घरी, त्यांनी ती वही प्रभूपुढे मोठ्याने वाचली. प्रत्येक नोंदीनंतर म्हणायच्या, "हे मी आता विजूकडे मागणार नाही. तू बघ." रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात सूड देवावर सोडायला सांगितलं आहे, त्याचा हा त्यांच्या भाषेतला अर्थ. घराच्या ओळींवर आल्यावर म्हणाल्या, "हे वकील बघतील." जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं तेव्हाच येशू या घराला तारण झालं म्हणाला. परतफेड लुबाडणाऱ्याच्याही भल्याची असते, हे त्यांना पटलं होतं.

भाड्याच्या वाक्याशी आल्या आणि थांबल्या. "हे नाही जमत." आमच्यातल्या एकीला वाटलं, आत्ताच आग्रह करावा, वेळ चांगली आहे. बाकी दोघांनी नकारार्थी मान हलवली. वही तशीच मिटली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन क्षमेचा निर्णय आणि क्षमेची भावना असा भेद करतात. ते स्वतः ख्रिस्ती आहेत आणि त्यांच्या आईचा खून झाला होता. निर्णय एका दिवसात होऊ शकतो, भावना आपल्या गतीने मागून येते. त्या शनिवारी एक ओळ सोडून बाकी सगळ्यांवर निर्णय झाला होता. तेवढा पुरे होता.

दरम्यान वकिलांनी सोसायटीला लेखी हरकत दिली आणि विजयला मध्यस्थीचा प्रस्ताव. तो चिडला, "मंडळीने ताईला माझ्यावर घातलं" म्हणाला. मध्यस्थीत बऱ्याच महिन्यांनी कळलं की त्याची नोकरी आधीच गेली होती, डोक्यावर कर्ज होतं आणि बायकोलाही पूर्ण आकडा ठाऊक नव्हता.

निष्पत्ती

नोंदणीकृत कौटुंबिक करार झाला. नवीन इमारतीतलं घर विजयकडे, सुनंदाताईंना निम्मी किंमत दोन हप्त्यांत. त्यातून त्यांनी बदलापूरला वन-आरके घेतलं. सहीच्या दिवशी विजय म्हणाला, "ताई, काही चुकलं असेल तर..." त्या म्हणाल्या, "असेल नाही विजू. चुकलं." त्याने मान खाली घातली आणि सही केली. ते वाक्य त्याने आजवर परत घेतलेलं नाही.

त्या आता प्रभुभोजनाला येतात. विजय सूचना वाचतो तेव्हा बसून राहतात. झोप सुधारली आहे, पूर्ण नाही. त्याच्या घरी अजून जेवायला जात नाहीत आणि आम्ही जा म्हणत नाही. भाचा मात्र आत्याकडे येतो, नर्सिंगच्या प्रवेशाचे अर्ज त्यांनीच भरून घेतले. वहीतल्या त्या राहिलेल्या ओळीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "आठवतं. पण आता त्याच्याशी भांडत बसत नाही. कधीकधी त्याचं नाव घेऊन प्रार्थना होते, कधी नाही होत."

शहाळंवाल्या मुलाची आई बरी होऊन गेली होती. सुनंदाताईंनी पत्ता काढून त्याला फोन केला आणि माफी मागितली. हे आम्ही सुचवलेलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त उपाय स्मरणाच्या प्रार्थनेच्या दिवशीच हातात होता. त्या वीस जणांपैकी एखाद्या काकाने किंवा मावशीने तिथल्या तिथे "विजय, हे बोलणं बरोबर नाही" म्हटलं असतं, तर वाक्य वाक्यच राहिलं असतं. सगळे गप्प राहिले म्हणून सुनंदाताईंना ते सगळ्यांचं मत वाटलं. तीन पानं विजयच्या एकट्याच्या बोलण्याने भरलेली नव्हती, त्या खोलीतल्या शांततेनेही भरली होती. ते नातेवाईक नंतर भेटायला आले, हळहळले. एकानेही "मी तेव्हा बोलायला हवं होतं" म्हटलं नाही.

वेस्ट्रीतला समेट निदान पुढे ढकलायला हवा होता. मत्तय १८ मध्येच क्रम दिला आहे : आधी एकांतात जाऊन अपराध दाखव, मग एक-दोघांना घेऊन जा. अपराधाला नाव दिल्याशिवाय हात मिळवणं त्यात नाही. पाळकसाहेबांनी दोघांना आधी वेगवेगळं भेटून ऐकलं असतं, तर दीड-दोन वर्षं वाचली असती असं मला वाटतं.

विजयच्या बाजूला कुणी नव्हतं हेही धडधडीत दिसतं. मंडळीने बहिणीसोबत बसायला माणसं दिली, भावासोबत बसायला कुणी नेमलं नाही. कर्जाचं ओझं त्याच्या वागण्याचं समर्थन होत नाही, पण ते आधी कळलं असतं तर मध्यस्थी लवकर आणि कमी कटूपणे झाली असती. सुनंदाताईंनीच हे आम्हाला सांगितलं.

व्यवहाराची एक गोष्ट मंडळीने यानंतर सुरू केली : वर्षातून एकदा उपासनेनंतर मृत्युपत्र, नॉमिनी आणि वारस यांवर वकिलांचं बोलणं. पहिल्या वेळी बसलेल्यांत बहुतेकांना नॉमिनी म्हणजेच मालक असं वाटत होतं. म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणाऱ्या मुलीचं नाव आणि तिचा खर्च कुठेतरी कागदावर असावा, हा आग्रह त्या सभेत बायकांनी धरला आणि तो योग्य आहे.

एका मुद्द्यावर आमच्यात अजून एकमत नाही. वाद चालू असताना विजयने खजिनदारपद सोडायला हवं होतं का? मला वाटतं, हो. बहिणीच्या वाट्याचा हिशेब अडलेला असताना देवाच्या घरचा हिशेब वाचायला उभं राहणं तिला रोज नव्याने दुखवत होतं, आणि मत्तय ५ मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर असं सांगितलं आहे ते अर्पण करणाऱ्याला. दुसऱ्या एकीचं म्हणणं, पद काढलं असतं तर तो मंडळीच सोडून गेला असता आणि मग मध्यस्थीला कुणाच्या शब्दावर आला असता? पुढच्या निवडणुकीत त्याने अर्ज भरला नाही. कारण त्याने कुणालाही सांगितलं नाही.